वेलीने दाखवलेली चित्रे

पाब्लो आमारिंगो यांच्या चित्रांत बोटभर जागाही मोकळी सापडत नाही. नदीत याकुमामा, म्हणजे पाण्याची आई मानला जाणारा अजस्र साप. रानात साचामामा, जंगलाची आई. झाडांमागे राजवाडे आणि वर चक्क उडत्या तबकड्या. पेरूमधील उकायाली नदीच्या खोऱ्यात 1938 मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने आयावास्काच्या अमलाखाली पाहिलेली ही दृश्ये आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला झालेल्या हवामान परिषदेने ॲमेझॉनचे हेच जंगल पुन्हा मथळ्यांत आणले, पण जंगलात राहणाऱ्याला जंगल कसे दिसते हे परिषदांच्या मसुद्यांतून कळत नाही.

आयावास्का हा एक काढा. त्यात एका रानवेलीचे तुकडे आणि चाक्रुना झुडपाची पाने एकत्र उकळतात. दृश्ये दाखवणारे द्रव्य पानांत असते. पण नुसती पाने पोटात गेली तर शरीरातले एन्झाइम ते निकामी करते. वेलीतले हार्मीन नेमके त्याच एन्झाइमला अडवते. एवढ्या अफाट जंगलात ही जोडी सापडली कशी? तिथले वैदू म्हणतात, वनस्पतींनीच सांगितले. प्रत्येक औषधी झाडाला आई असते आणि ती वैदूला इकारो नावाची गाणी शिकवते, अशी त्यांची धारणा आहे. प्रयोगशाळेत हे सिद्ध होणार नाही. मात्र ते मानणाऱ्यासाठी झाड तोडणे म्हणजे गुरू गमावणे, आणि त्याच्याबरोबर गाणेही.

आमारिंगो स्वतः असे वैदू होते. 1977 च्या सुमारास त्यांनी ते काम सोडले आणि पुकाल्पा शहरात साधी निसर्गचित्रे विकून पोट भरू लागले. 1985 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लुइस एदुआर्दो लुना आणि वनस्पती-अभ्यासक डेनिस मकेना त्यांना भेटले. काढ्याच्या अमलात दिसलेले रंगवता येईल का, असे लुनांनी सुचवले. त्यातून 1991 मध्ये एक पुस्तक झाले. त्यातल्या प्रत्येक चित्रासोबत खुद्द चित्रकाराचे विवेचन आहे. कोणती वनस्पती कशासाठी, कोणता आत्मा कुठला, सगळे नावानिशी. या चित्रांना ‘सायकेडेलिक’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ते वाचायला हवे. 1988 मध्ये आमारिंगो आणि लुना यांनी ‘उस्को-आयार’ ही चित्रशाळा काढली. तिथे गरीब मुलांना मोफत शिकवत आणि आसपासचा निसर्ग बारकाईने पाहायला लावत. 2009 मध्ये आमारिंगो वारले.

पेरूने 2008 मध्ये आयावास्काच्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवले. आता या काढ्यासाठी परदेशी पर्यटक येतात, आणि त्यांना भुलवायला झगमगीत सापही रंगवले जातात. झाड तोडले तर गुरू आणि गाणे दोन्ही जातात, हा इशारा मात्र त्यांतून कधीच गळून पडला आहे.

तो टिकवला ब्राझीलच्या आक्रे राज्यातल्या हुनी कुईन आदिवासींच्या ‘माहकू’ या चित्रकार गटाने. तेही याच काढ्याच्या विधीतली गाणी रंगवतात. 2024 च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मुख्य दालनाचा दर्शनी भाग त्यांनी रंगवला. विषय होता मगरीच्या पाठीवरून समुद्र ओलांडणाऱ्या माणसांची कथा: वाटेत माणसांनी एक लहान मगर मारली, विश्वासघात झालेली मोठी मगर बुडाली आणि पूल कायमचा तुटला. जंगल वाचवण्याचा त्यांचा मार्ग भाषणांपेक्षा सरळ आहे: चित्रे विकून आलेल्या पैशांतून हा गट आक्रेमध्ये जंगलाची जमीन विकत घेतो.