उपवासाचा दिवस आणि साखरेचा हिशेब

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहींसाठी तयार झालेली नाही, पण तिचा फटका सगळ्यात जास्त त्यांनाच बसतो. एरवी दोन पोळ्या, भाजी, आमटी असं मोजून जेवणारा माणूस आषाढीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चहाबरोबर बटाट्याचे वेफर्स आणि रात्री रताळ्याचा कीस खातो. दुसऱ्या दिवशी साखर वाढलेली दिसली की म्हणतो, “काल तर उपवास होता!”

साबुदाणा बनतो कसावाच्या कंदातल्या पिठूळ भागापासून. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ते ९० ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं आणि तंतू नावालाच. ७५ ग्रॅम साबुदाण्याची बशीभर खिचडी म्हणजे तीन-चार पोळ्यांइतकी कर्बोदकं, आणि वर बटाटा वेगळाच. दाण्याचा कूट पचनाचा वेग थोडा कमी करतो, एवढाच काय तो दिलासा. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. मात्र लाडू वळताना गूळ पडला की हिशेब बदलतो. गूळ साखरेपेक्षा ‘चालतो’ हा समज घरोघरी आहे, तो खरा नाही.

कोणत्या पदार्थाने आपली साखर किती चढते, हे ग्लुकोमीटरवर घरीच कळतं. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा बोटाला टोचून पाहायचं. अनेकांसाठी दुसरा आकडा १८०च्या आत असावा, असं सांगितलं जातं. तीन महिन्यांची एचबीए१सी तपासणी सरासरी दाखवते. परवाच्या खिचडीचा परिणाम त्यात वेगळा दिसत नाही. एकदा खिचडीनंतर आणि एकदा दही, काकडी, मूठभर दाणे आणि थोड्या भगरीनंतर मोजून पाहिलं, की पुढच्या एकादशीला काय रांधायचं हे ठरवणं सोपं जातं.

साखर वाढण्यापेक्षा तातडीचा धोका मात्र ती उतरण्याचा. तो कडक उपवास करणाऱ्यांना जास्त. हरतालिकेला पाणीही न घेणाऱ्या बाईने सकाळी नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचलं, तर औषध आपलं काम करत राहतं आणि पोटात मात्र काहीच नसतं. घाम, थरथर, छातीत धडधड, डोकं सुन्न होणं ही साखर ७०च्या खाली गेल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. दाण्याचा लाडू किंवा चॉकलेट अशा वेळी कामाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

‘उपवास मोडेल’ म्हणून अशा वेळी साखर नाकारणारी माणसं असतात. गंमत अशी की साखर आपल्याकडे उपवासाला चालतेच! निर्जळा व्रतातही जिवावर बेतलं असताना हट्ट धरावा, असं कुठलंच शास्त्र सांगत नाही.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी सहसा उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचं तसं नाही. उपाशीपोटी, पाण्यावाचून त्या घेतल्या तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. टाइप १ मधुमेह असलेले, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि नुकतीच साखर फार खाली गेलेले रुग्ण यांनी कडक उपवास टाळलेलाच बरा.

बाकीच्यांनी श्रावण लागण्याआधीच गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि उपवासाच्या दिवशी कोणतं औषध किती घ्यायचं, कोणतं टाळायचं, हे कागदावर लिहून घ्यावं. तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवावा.