पाच मजली बुद्धिबळ

बुद्धिबळाचा पट ही एक सपाट रणभूमी आहे. तीवर चौसष्ट घरे असतात आणि हत्ती, घोडे, उंट, प्यादी यांची सारी धावपळ त्या घरांतच चालते. मोहरा पुढे जाईल, मागे येईल, आडवा सरेल किंवा तिरपा धावेल. परंतु पटापासून वर चढणे किंवा खाली उतरणे त्याला ठाऊक नाही. घोडा तेवढा इतरांच्या डोक्यांवरून उडी मारतो, पण तोही उतरतो त्याच पटावर. प्राचीन भारतातील चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे होती. ही चारही अंगे जमिनीवर लढणारी. तेव्हा त्यांची रणभूमी सपाट असावी, हे स्वाभाविकच होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी युद्धाचे रूप पालटू लागले. माणूस विमानातून आकाशात आणि पाणबुडीतून समुद्राच्या पोटात शिरला. जर्मनीतील एक डॉक्टर फर्डिनांड माक यांच्या मनात आले की, शत्रूवर वरून आणि खालूनही चाल करता येते, तर ती बुद्धिबळातही का करता येऊ नये? या विचारातून त्यांनी १९०७ साली एक नवा खेळ सिद्ध केला. त्याचे नाव ‘राउमशाख’. जर्मन भाषेत ‘राउम’ म्हणजे अवकाश आणि ‘शाख’ म्हणजे बुद्धिबळ. पुढे १९१९ साली हॅम्बुर्ग शहरात हा खेळ खेळणाऱ्यांचे एक मंडळही स्थापन झाले.

एकावर एक पट रचण्याची कल्पना माक यांच्यापूर्वीही सुचलेली होती. लिओनेल किझेरित्स्की या नामांकित बुद्धिबळपटूने १८५१ साली आठ मजल्यांचा पट योजिला होता. माक यांनीही आरंभी आठ मजलेच धरले होते. आठ घरे लांब, आठ घरे रुंद आणि आठ मजले उंच असा हा पट ऐकताना भव्य वाटतो. पण त्यातील घरांची संख्या ५१२ होते. नेहमीच्या पटावर डाव मांडला म्हणजे ६४ पैकी ३२ घरे, म्हणजे निम्मा पट भरलेला असतो. तीच ३२ मोहरी ५१२ घरांत मांडली, तर सोळा घरांमागे एकच मोहरा येईल. एवढ्या पोकळीत शत्रूची गाठ पडणेच कठीण! माक यांनी लहान पट करून पाहिले आणि अखेर पाच घरे लांब, पाच रुंद व पाच मजले उंच असा पट पक्का केला. त्यात १२५ घरे झाली. प्रत्येक बाजूस २० मोहरे, म्हणजे एकंदर ४० मोहरे ठेवल्याने सुमारे एक-तृतीयांश पट भरला. भव्यता थोडी कमी झाली, पण खेळ खेळण्याजोगा झाला.

असा पट घरीही करता येतो. मात्र करवत हाती घेण्यापूर्वी कागद व पेन्सिल हाती घेणे आवश्यक आहे. कारण पटाची मापे खेळाच्या नियमांवरून ठरतात, आणि नियम नीट उमजले नाहीत तर सुबक पटही निरुपयोगी ठरतो.

प्रथम घरांना नावे हवीत. प्रत्येक घराला तीन अंक द्यावेत. पहिला अंक मजल्याचा, दुसरा डावीकडून उजवीकडे मोजलेल्या घराचा आणि तिसरा जवळून दूर मोजलेल्या रांगेचा. १-१-१ हे अगदी खालचे, डावीकडचे, जवळचे घर. ५-५-५ हे त्याच्या थेट समोरचे, वरच्या टोकाचे घर. आणि ३-३-३ हे साऱ्या पटाचे मध्यघर. या तीन अंकांवरून मोहऱ्यांच्या चाली सहज सांगता येतात. हत्ती चालला म्हणजे तीनपैकी एकच अंक बदलतो. उंट चालला म्हणजे दोन अंक सारख्याच प्रमाणात बदलतात. घोड्याच्या उडीत एक अंक दोनने आणि दुसरा एकने बदलतो, तिसरा तसाच राहतो. सपाट पटाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या घोड्याला आठ घरे खुली असतात. येथे ३-३-३ वरील घोड्याला चोवीस घरे खुली होतात.

परंतु तिन्ही अंक एकदम बदलणारी एक वाट उरतेच. १-१-१ वरून २-२-२, तेथून ३-३-३, असे करीत ५-५-५ पर्यंत जाणाऱ्या या वाटेवरून हत्ती जाऊ शकत नाही आणि उंटही जाऊ शकत नाही. याचे कारण समजण्यासाठी प्रत्येक घर हा एक ठोकळा आहे असे मानावे. ठोकळ्याला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ कोपरे असतात. हत्ती पृष्ठातून बाहेर पडतो, म्हणून त्याला ६ दिशा मिळतात. उंट कडेवरून जातो. त्याला १२ दिशा मिळतात. आठ कोपऱ्यांतून जाणारा मोहरा मात्र जुन्या सैन्यात नव्हता. म्हणून माक यांनी एकशृंग हा नवा मोहरा निर्माण केला. एकशृंग म्हणजे युरोपातील दंतकथांतला, कपाळावर एकच शिंग असलेला घोड्यासारखा प्राणी. वजिराला मात्र या तिन्ही प्रकारच्या मिळून २६ दिशा मोकळ्या असतात.

डावाची मांडणी अशी असते. पांढऱ्या बाजूचे सैन्य पहिल्या दोन मजल्यांवर, जवळच्या दोन रांगांत उभे राहते. पहिल्या मजल्यावर डावीकडून हत्ती, घोडा, राजा, घोडा, हत्ती. दुसऱ्या मजल्यावर उंट, एकशृंग, वजीर, उंट, एकशृंग. आणि दोन्ही मजल्यांवर त्यांच्यापुढे पाच पाच प्यादी. काळे सैन्य वरच्या दोन मजल्यांवर, दूरच्या दोन रांगांत असते. पांढरे प्यादे एक घर पुढे किंवा एक घर वर जाते. काळे प्यादे समोरून येते किंवा खाली उतरते. आरंभी प्याद्याला दोन घरे चालण्याची सवलत येथे नाही, आणि किल्लेकोटही नाही.

हे नियम ध्यानात आले म्हणजे बेताची पहिली पायरी येते. पाच कागदांवर पंचवीस पंचवीस घरे आखावीत, त्यांवर मजल्यांचे अंक घालावेत आणि कागद ओळीने मांडून बटणांच्या साहाय्याने काही डाव खेळावेत. वरचा मजला शेजारच्या कागदावर आहे, अशी कल्पना करण्याची सवय यात लागते. खेळ आवडला नाही, तर वाया गेले ते पाच कागदच.

दुसरी पायरी मापांची. घर ५ सेंटीमीटर बाजूचे धरले, तर पाच घरांची लांबी २५ सेंटीमीटर होते. खांबांसाठी चारही बाजूंस अडीच सेंटीमीटर जागा सोडली म्हणजे प्रत्येक मजला ३० सेंटीमीटर लांब-रुंद होतो. मग दोन मजल्यांत अंतर किती ठेवावे? घर खरोखरीचा ठोकळा दिसावा म्हणून ५ सेंटीमीटर अंतर ठेवण्याचा मोह होतो. पण मध्यघर कडेपासून १५ सेंटीमीटर आत असते. तेथील राजा उचलावयाचा, तर सबंध पंजा आत घालावा लागतो. ५ सेंटीमीटर उंच राजा आणि त्याला इतर मोहऱ्यांवरून नेणारी बोटे, या दोहोंस मिळून १२ सेंटीमीटर तरी जागा हवी. ही गोष्ट ताडून पाहणे सोपे आहे. एक पुठ्ठा जमिनीवर ठेवावा, चार कोपऱ्यांवर १२ सेंटीमीटर उंचीच्या पुस्तकांच्या थप्प्या रचाव्यात आणि त्यांवर दुसरा पुठ्ठा ठेवावा. खालच्या पुठ्ठ्यावर मोहरे मांडून मधला राजा उचलून पाहावा. शेजारची प्यादी आडवी झाली, तर अंतर वाढवावे.

तिसरी पायरी साहित्याची. सगळे मजले लाकडी केले, तर वरचा मजला खालच्यांना झाकून टाकतो आणि दडून बसलेला उंट दिसत नाही. काच पारदर्शक खरी, पण ती फुटते व हात कापते. म्हणून तळाचा मजला २ सेंटीमीटर जाडीच्या लाकडी फळीचा आणि वरचे चार मजले ५ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकचे करावेत. ॲक्रिलिक कापणे व त्याला भोके पाडणे हे काम वडीलधाऱ्यांच्या हातचे आहे.

घरे रंगविताना एक पथ्य पाळावे लागते. काळ्या घराच्या थेट वर पांढरे घर यावयास हवे. एरवी उंट मजला बदलताच रंगही बदलील, आणि आपल्याच रंगाच्या घरांतून फिरण्याचा त्याचा जुना धर्म मोडेल. यासाठी पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या मजल्यावर कोपऱ्यांतील घरे काळी घ्यावीत. तेथे प्रत्येकी १३ काळी घरे येतात. दुसऱ्या व चौथ्या मजल्यावर प्रत्येकी १२ येतात. रंगीत जिलेटिन कागदाचे ६३ चौकोन कापून चिकटविले म्हणजे काम झाले. उरलेली ६२ घरे पांढरी समजावीत.

खांबांसाठी चार लाकडी काठ्या तळफळीच्या कोपऱ्यांत बसवाव्यात. दोन मजल्यांच्या मध्ये प्रत्येक काठीवर १२ सेंटीमीटर लांबीची बांबूची नळी ओवावी. चार अंतरांसाठी एकंदर १६ नळ्या लागतील. चार नळ्यांची उंची ४८ सेंटीमीटर आणि चार मजल्यांची जाडी २ सेंटीमीटर, म्हणून तळफळीच्या वर ५० सेंटीमीटर जातील. फळीत रुतण्यासाठी २ आणि माथ्यावर उरण्यासाठी १ सेंटीमीटर धरून प्रत्येक काठी ५३ सेंटीमीटर लांब घ्यावी. नळ्या एकाच मापाच्या असाव्यात. एखादी नळी थोडी आखूड पडली, तरी मजला कलतो. म्हणून सगळ्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या करून कानशीने सारख्या कराव्यात.

शेवटची पायरी मोहऱ्यांची. घरातील लहानसा बुद्धिबळाचा संच येथे उपयोगी पडतो. त्यात ३२ मोहरे असतात. प्रत्येक बाजूस दोन एकशृंग आणि दोन प्यादी एवढेच कमी पडतात. हे आठ मोहरे मातीचे किंवा लाकडाचे करता येतात.

असा पट पूर्ण झाल्यावर त्यावर पहिली चाल होईल, तेव्हा खेळणाऱ्याला ती नवखी वाटणार नाही. कारण कागदावर तो आधीच कित्येकदा जिंकलेला आणि हरलेला असेल. माक यांनी आठ मजल्यांचा हट्ट धरला असता, तर त्यांचा पट नुसता पाहण्याची वस्तू होऊन बसला असता. त्यांनी करून पाहिले, मोजले, आणि जे जास्त होते ते सोडून दिले. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी पाच मजल्यांचा हा खेळ खेळला जातो, तो त्यामुळेच.