हरणाऱ्या सरांची गोष्ट

मित्रांनो, समजा तुमच्या शाळेच्या संघाला नवे सर शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. तुम्ही काय म्हणाल? "नको रे बाबा हे सर!" हो ना?

पण थांबा. हे सर म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ. आणि ते शिकवत होते तो खेळ, म्हणजे बास्केटबॉल, त्यांनी स्वतःच शोधून काढला होता! आहे की नाही गंमत?

जेम्सचा जन्म १८६१ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. तो नऊ वर्षांचा असतानाच आई-वडील दोघंही गेले. मामांनी त्याला वाढवलं. मध्येच शाळा सोडून तो जंगलात लाकूडतोडीलाही गेला. काही वर्षांनी मात्र तो पुन्हा शाळेत येऊन बसला आणि थेट मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठापर्यंत पोचला.

कॉलेजात हा गडी काय खेळला नाही ते विचारा! रग्बी, फुटबॉल, जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा लॅक्रोस, शिवाय जिम्नॅस्टिक्स. खरं तर त्याला व्हायचं होतं धर्मोपदेशक. अशा माणसानं मैदानात धक्काबुक्की करावी, हे पुष्कळांना रुचत नसे. पण जेम्सला वाटे, नीट वागायचं कसं, ते मैदानावरही शिकवता येतं. म्हणून तो अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत गेला आणि शिक्षक झाला.

१८९१ चा हिवाळा. बाहेर कडाक्याची थंडी, आणि आत व्यायामशाळेत कंटाळलेले १८ दांडगे विद्यार्थी. वरिष्ठांनी, ल्यूथर गुलिक यांनी, फर्मावलं, "चौदा दिवसांत आत खेळता येईल असा नवा खेळ शोधा." बंद जागेत फुटबॉल खेळून पाहिला, तर मुलं जखमी व्हायला लागली.

मग नेस्मिथनी शांतपणे विचार केला. दुखापत होते कधी? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडताना. तर मग चेंडू घेऊन पळायचंच नाही! आणि गोल जमिनीवर असला की चेंडू जोरात हाणला जातो. तो उंचावर ठेवला तर? आपल्या लगोरीसारखाच एक दगडांचा खेळ ते लहानपणी खेळत. त्यात दगड जोरात भिरकावण्यापेक्षा अलगद, कमानीत टाकला तर नेम चांगला लागे. ते आता आठवलं. झालं! पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला, दहा फूट उंचीवर ठोकल्या. तेरा नियम लिहिले. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले. पहिल्या सामन्यात गोल झाला फक्त एक!

नेस्मिथ पुढे डॉक्टर झाले आणि १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथल्या संघाचे ते पहिले प्रशिक्षक. जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला त्या संघाचा आजवरचा एकमेव प्रशिक्षक म्हणजे तेच! ते म्हणत, बास्केटबॉल शिकवायचा नसतो, खेळायचा असतो. पण त्यांच्याच संघातल्या फॉग अ‍ॅलनला ते काही पटलं नाही. तो प्रशिक्षक झालाच, आणि कॅन्ससला त्यानं ५९० सामने जिंकून दिले. अ‍ॅडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे नामवंत प्रशिक्षक याच अ‍ॅलनचे शिष्य.

आता दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं ऐका. १९३३ साली जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला आला. त्या काळी तिथल्या संघात कृष्णवर्णीयांना घेत नसत. म्हणजे खेळ येतो, पण खेळायची बंदी! म्हातारे नेस्मिथ तेव्हा संघ सांभाळत नव्हते, पण प्राध्यापक होते. त्यांनी जॉनला आपल्या पंखाखाली घेतलं, खेळाचं मर्म समजावून दिलं. ज्याला मैदानावर उतरू दिलं नव्हतं, तो जॉन पुढे प्रशिक्षक झाला. त्याच्या टेनेसीतल्या कॉलेजनं १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं!

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला. तो सोहळा बघायला नेस्मिथ स्वतः हजर होते. तीन वर्षांनी, १९३९ साली, ते वारले.

कॅन्ससच्या प्रचंड क्रीडागृहाला नाव आहे शिष्याचं, फॉग अ‍ॅलनचं. पण आतल्या ज्या जमिनीवर खेळाडू धावतात, तिला नाव आहे नेस्मिथ यांचं. शिष्य कितीही उंच गेले, तरी पायाखाली गुरूच!

तर मित्रांनो, सांगा पाहू, त्या ५५ आणि ६० च्या हिशेबात जॉनचे विजय कुठे लिहायचे?