मोटारसायकलच्या विजेच्या सांध्यांची निगा

रात्रीच्या पाळीस पंप सुरू करण्यास अथवा पहाटे भाजीपाला बाजारांत पोंचविण्यास निघालेल्या शेतकऱ्याची मोटारसायकल आडरस्त्यावर एकाएकीं बंद पडली, तर दोष पुष्कळदां इंजिनाचा नसून तारांच्या सांध्यांचा असतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करणें आम्हांस इष्ट वाटतें.

पितळी भांड्यांत ताक ठेविलें असतां तें कळकतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. सांध्यांतील तांब्यापितळेचीही तीच गत होते. आंत पाणी शिरलें, कीं त्यांतील क्षारांमुळें धातु झिजूं लागतो व त्यावर हिरवट थर चढतो. ओलाव्यांतून वीज पाझरूं लागली, म्हणजे धन टोकाकडील धातु अधिकच झपाट्यानें खाल्ला जातो. शेतकऱ्याच्या गाडीस आणखी एक शत्रु आहे; तो अमोनिया. गोठ्यांतील मूत्र व ओलावलेला युरिया यांपासून तो निघतो आणि तांब्यापितळेस विशेष बाधतो. सबब गाडी गोठ्यांत उभी करूं नये, व खताचें पोतें वाहिल्यावर सांडलेले दाणे झाडून टाकावे.

आतां नुकसानीचा हिशेब पाहा. १२ व्होल्टांवर ३६ वॅटचा दिवा ३ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध ४ ओहम होय. गंजल्या सांध्यानें १ ओहमची भर घातली, तर दिव्यास सुमारें ९.६ व्होल्टच मिळतात, आणि तंतूच्या दिव्याचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. उरलेली वीज सांधा तापविण्यांत जाते, आणि तापलेला सांधा अधिकच बिघडतो. थकबाकीवर व्याज चढावें तसा हा प्रकार आहे.

उपाय सोपे आहेत. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. जोडतांना ती शेवटीं जोडावी. धन तार आधीं सोडविल्यास पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडते. बॅटरीच्या टोकांवरील भुकटी खाण्याचा सोडा कालविलेल्या कोमट पाण्यानें धुवावी. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. टोकें कोरडीं करून, तारा घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावावी. कप्लर मऊ कुंचल्यानें साफ करावे. पॉलिश पेपरानें घांसूं नये, कारण त्यानें आंतील कल्हई निघून जाते. कप्लर वाळल्यावर सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यावा. हें ग्रीस वीज वाहून नेत नाहीं. धातूस धातु दाबून बसतो तेथून तें बाजूस सरतें व भोंवतीं राहून पाणी अडवितें. व्हिनेगारसारखा वास येणारें सिलिकोन मात्र वापरूं नये. त्यांतील आम्ल तांब्यास खातें. तुटलेली तार नुसती पिळून पट्टी गुंडाळण्यापेक्षां डाग देऊन वर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. धुतांना जोराचा फवारा कप्लरांवर मारूं नये.

मृगापूर्वीं एकदां व दसऱ्यास गाडीची पूजा करण्यापूर्वीं एकदां, एवढी तजवीज वाचकांनीं अवश्य ठेवावी. खर्च थोडा आहे. अंधाऱ्या रस्त्यावर दिवा विझला तर होणारी हानि मात्र भरून येणारी नसते.