एका रात्रीत परदेशी झालेला कापूस

29 फेब्रुवारी 1948, लीप वर्षातला जादाचा दिवस. त्या दिवशी कराचीहून मुंबईला आलेली कापसाची गाठ देशी माल होती. दुसऱ्या दिवशी, 1 मार्चला, तशीच गाठ परदेशी झाली.

फाळणी झाली ती ऑगस्ट 1947 मध्ये, पण जकातीपुरता हिंदुस्थान त्यानंतरही साडेसहा महिने एकच होता. दोन्ही सरकारांनी 'जैसे थे' करार करून माल बिनजकातीचा जाऊ-येऊ दिला. 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँकही दोघांची एकच होती. 'पाकिस्तान सरकार' असा शिक्का मारलेल्या नोटा चक्क आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापल्या जात होत्या. 1 मार्च 1948 पासून भारतानं पाकिस्तानला जकातीसाठी परका मुलूख ठरवलं आणि एक अवाढव्य बाजारपेठ दुभंगली. किती अवाढव्य? 1941 च्या जनगणनेत 38 कोटी 90 लाख माणसं. आजच्या युरोपीय संघाची लोकसंख्या सुमारे 45 कोटी आहे.

या बाजारपेठेत कापडाच्या 394 गिरण्या होत्या. वाटणीत भारताकडे आल्या 380, पाकिस्तानकडे गेल्या 14. म्हणजे शंभरातल्या साडेतीन. कच्चा कापूस मात्र सुमारे 40 टक्के तिकडे पिकत होता. तागाचं तर विचारूच नका. तीन-चतुर्थांशाहून जास्त ताग पूर्व बंगालच्या शेतांत आणि गिरणी तिकडे एकही नाही; बहुतेक सगळ्या हुगळीच्या काठावर. एका भावाच्या वाट्याला विहीर आणि दुसऱ्याच्या वाट्याला मोट, अशी ही वाटणी.

खानदेशाला तेव्हा वाटलं असेल, आपल्याकडे कापूस आहे, जळगावात, अमळनेरात, धुळ्यात गिरण्या आहेत, आपलं काय अडलं? अडलं धाग्यापाशी. इथं जरीलासारख्या आखूड धाग्याच्या देशी वाणांचं राज्य होतं. लांब धाग्याची अमेरिकन वाणं पंजाब-सिंधच्या कालव्यांखाली पिकत. तलम सुतासाठी बराचसा कापूस तिकडून येई. तो परदेशी झाला आणि एका देशाची शेती दुसऱ्या देशाच्या गिरणीला महाग पडू लागली.

त्यात चलनाचा घोळ झाला. 18 सप्टेंबर 1949 ला ब्रिटननं पौंडाची किंमत 30.5 टक्क्यांनी उतरवली. पाठोपाठ भारतानं रुपया उतरवला, पाकिस्ताननं नाही. कालपर्यंत शंभराला शंभर असलेला हिशोब शंभर पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये असा झाला. भारतानं हा दर मानायला नकार दिला आणि व्यवहार ठप्प. 1948-49 मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल भारतात येत होता, त्याच देशाशी व्यापार बंद! पुढच्या काळात पाकिस्ताननं गिरण्या उभारल्या. 1951 मध्ये नारायणगंजला सुरू झालेली आदमजी ज्यूट मिल पुढे जगातली सर्वांत मोठी ताग गिरणी झाली. भारतानं आपल्या शेतात ताग वाढवला. एकमेकांना पुरवणारे दोन भाग एकमेकांशी स्पर्धा करणारे झाले.

आता फासे उलटे पडले आहेत. गिरण्या तिकडे वाढल्या, कापूस इकडे. 2015-16 मध्ये तिकडचं पीक बुडालं, तेव्हा पाकिस्ताननं भारताकडून 25 लाखांच्या आसपास गाठी घेतल्या. या आकड्याला जिनिंगच्या आवारात उभं राहून पाहू. पाच क्विंटल कापूस यंत्रात गेला की सुमारे 170 किलो रुई निघते, उरते ती सरकी. ही रुई दाबली की एक गाठ. म्हणजे 25 लाख गाठींसाठी सव्वा कोटी क्विंटल कापूस वेचावा लागतो. गाठी दहा टनी ट्रकांत भरल्या तर 42 हजार 500 ट्रक लागतील. एकेकाला दहा मीटर जागा दिली तर रांग भरते 425 किलोमीटर. जळगावात पहिल्या ट्रकाचं चाक ठेवा, शेवटचा ट्रक मुंबईत उभा असेल.

हा माल वाघ्याच्या सीमेवरून गेला तर लाहोर अवघं 25 किलोमीटर. तो बंद झाला की पाकिस्तानी गिरणीचा कापूस अमेरिकेतून, ब्राझीलमधून दहा हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून येतो.

वाघ्याची गंमतही ऐकण्यासारखी आहे. 1 ऑक्टोबर 2007 पर्यंत इकडचा ट्रक तिकडे जातच नव्हता. हमाल सीमारेषेपर्यंत डोक्यावर माल नेत आणि पलीकडच्या हमालाच्या डोक्यावर देत. 50 किलोची गोणी धरली तर दहा टनांच्या एका ट्रकासाठी 200 खेपा! त्या दिवशी साठ वर्षांत पहिल्यांदा ट्रक पार गेला. त्यात टोमॅटो होते.

पुलवामाच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, फेब्रुवारी 2019 मध्ये, भारतानं पाकिस्तानी मालावर 200 टक्के जकात लावली. ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं व्यापारच तोडला. त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक बँकेनं अंदाज मांडला होता, की दोन्ही देशांत होतो तो व्यापार सुमारे 2 अब्ज डॉलरचा, होऊ शकतो 37 अब्जांचा. मधले 35 अब्ज डॉलर तेव्हाच्या 70 रुपयांच्या भावानं होतात 2 लाख 45 हजार कोटी रुपये. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या, 2011 च्या जनगणनेप्रमाणे सुमारे 63 लाख माणसांत ते वाटले, अगदी पाळण्यातल्या बाळालाही, तर प्रत्येकाला सुमारे 3 लाख 90 हजार मिळतील. तेही दरवर्षी.

एवढं नुकसान होतं तर दोन्हीकडून ओरड का होत नाही? उत्तर काही तारखांत आहे. सप्टेंबर 1949 ला तुटलेला व्यापार फेब्रुवारी 1951 च्या करारानं जुळला. सतरा महिने लागले, पण जुळवावाच लागला, कारण तेव्हा अर्धी निर्यात अडकली होती. 1965 च्या युद्धानं तुटलेला धागा जुळायला 1974 उजाडलं. आणि 31 मार्च 2021 ला पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीनं भारतातून कापूस आणि साखर आणायला परवानगी दिली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी, 1 एप्रिलला, तिथल्या मंत्रिमंडळानं ती फिरवली. व्यापार एवढासा उरला होता, की तो मोडला तरी सरकारचं काही बिघडत नव्हतं. मे 2025 मध्ये भारतानं उरलीसुरली आयातही बंद केली.

ब्रिटनचं उदाहरण शेजारी ठेवून पाहा. 47 वर्षं युरोपीय संघात राहून तो 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडला. 1,246 पानांचा करार केला. तिथल्या सरकारी अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार दीर्घकाळात उत्पादकता 4 टक्क्यांनी कमी राहील. तरी निर्यातीतला 40 टक्क्यांहून जास्त माल अजून युरोपलाच जातो. म्हणूनच 19 मे 2025 ला ब्रिटिश पंतप्रधानांना लंडनमध्ये युरोपशी नव्यानं बोलणी करावी लागली. तिथं आरडाओरड करणारे मच्छीमार आहेत, शेतकरी आहेत, कारखानदार आहेत, आणि त्यांना मत आहे.

बाहेर पडण्याचं खरं मोल जकातीत दिसत नाही. व्यापार जितका आटतो, तितके तो सुरू ठेवा म्हणणारे कमी होतात आणि पुढचा दरवाजा बंद करणं राजकारण्याला तितकंच स्वस्त पडतं. लाहोरच्या गिरणीनं भाव विचारला नाही म्हणून आज जळगावच्या जिनिंगवाल्याचं मत फिरत नाही. फिरलं असतं, तर कुठल्याही सरकारला तो दरवाजा लावताना दहादा विचार करावा लागला असता.