हिवर ओळखता येतो काय?

हिवरे बाजार हे नाव उच्चारले की जाणत्या माणसाला प्रथम एक झाड आठवावे. हिवर हे बाभळीच्या कुळातले, फिकट सालीचे, काटेरी झाड. अवर्षणाला न डगमगणारे, पावसाळ्यात पिवळसर फुलांनी डवरणारे आणि शेळ्यामेंढ्यांना शेंगा पुरविणारे हे झाड या कोरड्या मुलखाचे खरे भूमिपुत्र होय. परंतु पाणलोटाचे काम पाहावयास या गावी येणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ओळखता येईल?

गावाची कथा सर्वपरिचित आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर उघडे पडत गेलेले डोंगर, आटलेल्या विहिरी, रोजगारासाठी गाव सोडणारी कुटुंबे. मग १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्याकडे आलेले सरपंचपद आणि पुढील दशकात आदर्श गाव योजनेखाली झालेले काम. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान आणि पाण्याचा ताळेबंद पाहून पिके ठरविण्याची शिस्त यांमुळे, सुमारे चारशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, हे गाव सावरले. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सारे यथायोग्यच आहे.

तथापि पाहणाऱ्याची दृष्टी बहुधा बंधाऱ्यावर आणि चरांवर खिळते. बंधारा मोजता येतो, त्याचे छायाचित्र घेता येते. गवताचे तसे नाही. वस्तुतः डोंगरउतारावर गवताची मुळे माती धरून ठेवतात, पळते पाणी संथ करतात आणि ते जमिनीत मुरावयास अवधी देतात. उतार उघडा राहिला तर चांगला चरही काही पावसाळ्यांत गाळाने भरून जातो. गुरे मोकाट न सोडता विळ्याने गवत कापून घरी न्यावयाचे, हा या गावाने पत्करलेला नियम म्हणूनच कोणत्याही बांधकामाइतका मोलाचा आहे. चर खणावयाचे आणि चराई मात्र चालू ठेवावयाची, असे अनुकरण फलद्रूप होणे कठीण.

हे समजावयाचे तर व्याख्यानापेक्षा एक फेरी अधिक उपयोगी. जाणत्या माणसाच्या मागे आठदहा जणांनी सकाळच्या वेळी डोंगरउतारावरून चालावे. कुसळीचे बी धोतराला वा पायजम्याला टोचले की थांबावे. ओल लागताच त्या बियाचे शेपूट पीळ सोडते आणि बी आपणहून मातीत शिरते, ही पेरणी कोणत्याही योजनेने केलेली नसते. मारवेल आणि पवन्या यांतला फरक हाताने चाचपून पाहावा. पिवळ्या फुलांचा तरवड कातडी कमावण्याच्या कामी कसा येई, बोराचे बी कोल्ह्याच्या पोटातून कुठवर प्रवास करते, हे ऐकावे. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. म्हणून उन्हाळ्यात वाट सोडून चालू नये, हेही तिथेच शिकावे.

ही दृष्टी नसली तर हानी होते. सरकारदप्तरी माळाला 'पडीक' म्हटले गेले आणि पडीक म्हणजे निरुपयोगी, असा समज रुजला. मग नीलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प अशी परदेशी झाडे ठिकठिकाणी लावण्यात आली. हिरवळ दिसली, पण माळावरच घर करणारे चंडोल आणि धाविक त्या दाटीत राहू शकत नाहीत. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. पण कुठे कोणते लावावे आणि कुठे मुळीच लावू नये, हा विवेकही त्या पुण्याचाच भाग होय.

वाट दाखविणारा कोण असावा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. ज्येष्ठ वनाधिकारी व लेखक कै. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यात राहणाऱ्या लोकांकडून वृक्षांची व पक्ष्यांची नावे गोळा केली आणि मराठीचा शब्दसंग्रह संपन्न केला. माळाचे तसे ज्ञान धनगर, गुराखी आणि गवत कापणाऱ्या स्त्रिया यांच्यापाशी आहे. चराईबंदीचा पहिला भार, कोठेही झाली तरी, ज्यांना जमीन नाही आणि चार शेळ्यांवरच ज्यांची गुजराण आहे, त्यांच्यावर पडतो. त्यांच्या त्यागातून डोंगर हिरवा होत असेल, तर तो डोंगर दाखविण्याचा मान आणि मोबदला प्रथम त्यांना मिळावा, यात उपकार नाही, न्याय आहे.

हे अशक्यप्राय नाही. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील माळ चिंकारा, लांडगे, तरस पाहू इच्छिणाऱ्यांसाठी रीतसर खुले केले आणि स्थानिक तरुणांना वाटाड्यांचे काम दिले. मात्र तेथील भ्रमंती वाहनातून होते. हिवरे बाजारसारख्या गावी पायांनीच चालावे, कारण येथे पाहावयाचे ते दुरून दिसणारे नाही; ते पायाखाली आहे.

दुष्काळी गावांतून हजारो माणसे येथे शिकावयास येतात. परत जाताना त्यांच्या वहीत चरांची लांबीरुंदी असतेच. तिच्या शेजारी चार गवतांची, दोन झुडपांची आणि एका काटेरी झाडाची नावे लिहिली गेली, तर आपल्या गावच्या माळाकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील. तिथेही कुठेतरी एखादा हिवर उभा असेल. त्याला कुऱ्हाड लागण्यापूर्वी ओळखणारा कोणी असला म्हणजे झाले.