सरासरीच्या भरवशावर गाडी चुकेल!

घरापासून स्टेशनला सरासरी ४० मिनिटे लागतात, म्हणून तुम्ही गाडीच्या बरोबर ४० मिनिटे आधी निघता? मग गाडी चुकण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे! महिनाभर रोजचा वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा. तो सरासरीच्या किती मागेपुढे होतो, हे ‘प्रमाण विचलन’ सांगते. समजा ते ५ मिनिटे आले आणि आलेख घंटेसारखा, म्हणजे प्रसामान्य वितरणाचा असला, तर ४५ मिनिटे आधी निघाल्यास १०० पैकी सुमारे १६ वेळा उशीर होईल. ५० मिनिटे आधी निघाल्यास फक्त २-३ वेळा. मात्र मुसळधार पाऊस, मोर्चा, वरात यांनी वेळ वाढतोच, कमी होत नाही. म्हणून परीक्षेच्या, मुलाखतीच्या दिवशी आणखी थोडे लवकर निघा.